एका ठोक्याला एक अँगस्ट्रॉम : पल्स देऊन पातळ फिल्म बनवण्याची कृती

अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. एवढ्या जाडीचा थर मोजून-मापून बसवायचा तर कोट्यवधींचं यंत्र हवं, असा बहुतेक विद्यार्थ्यांचा समज असतो. माझाही होता. पण बारा व्होल्टचा पॉवर सप्लाय, एक अर्ड्युइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड), एक मॉसफेट (व्होल्टेजने चालू-बंद होणारा स्विच) आणि निळ्याशार मोरचुदाचा चंचुपात्रभर द्राव एवढ्या सामानात दर पल्सला सुमारे ०.११ नॅनोमीटर तांबं बसवता येतं. हा आकडा कुठून आला ते पुढे सांगतोच.

नागपुरातल्या एका कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं पोट्ट्यांकडून हे काम करून घेतोय, म्हणून ही कृती इथल्या सोयी-गैरसोयींसकट लिहितो आहे. भर विद्युत-निक्षेपणावर, म्हणजे पल्स इलेक्ट्रोडिपॉझिशनवर आहे, कारण ते साध्या कॉलेजातही जमतं. लेसरवाल्या पद्धतीचं शेवटी सांगेन, कारण एमएस्सीनंतर तुमच्यातले काही जण तिथे पोचतीलच.

पल्स का द्यायची?

द्रावात दोन पट्ट्या बुडवून सलग करंट सोडला की ऋण पट्टीजवळचे तांब्याचे आयन झपाझप संपतात. लांबचे आयन तिथवर यायला वेळ लागतो. पट्टीला चिकटून एक उपाशी थर तयार होतो, त्याला डिफ्यूजन लेयर म्हणतात. न ढवळलेल्या द्रावात तो १०० ते २०० मायक्रॉन जाड असतो. करंट आणखी वाढवला तर तांबं चकचकीत बसायच्या ऐवजी तपकिरी-काळ्या भुकटीसारखं जमतं आणि हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात.

पल्समध्ये करंट काही मिलिसेकंद सोडायचा आणि मग बंद ठेवायचा. चालू असताना पट्टीलगतचा अगदी पातळ भागच, एखाद-दोन मायक्रॉनचा, उपाशी होतो आणि थांब्यात तो पुन्हा भरतो. त्यामुळे ठोक्यापुरता करंट बराच चढवता येतो. करंट चढला की पट्टीवरचा जास्तीचा व्होल्टेज चढतो, एकाच वेळी जास्त ठिकाणी बीजं पडतात आणि कण बारीक होतात.

सगळे ठोक्याच्या उंचीबद्दल बोलतात. माझं म्हणणं असं की फिल्म बिघडते ती थांब्यात. थांबा खरंच थांबा आहे का, हे आधी तपासा. उंचीचं मग बघू.

पल्सचं एक बंधन मात्र आधीच सांगून ठेवतो. ठोका कितीही उंच असो, सरासरी करंटला डिफ्यूजनची मर्यादा लागूच राहते. अर्धा मोलर तांब्याच्या न ढवळलेल्या द्रावात, २०० मायक्रॉनचा थर धरला, तर ती मर्यादा दर चौरस सेंटिमीटरला ३० मिलिअँपिअरच्या आसपास येते. सरासरी त्याच्या खालीच ठेवायची.

आकडेमोड आधी, वायर नंतर

फॅराडेच्या नियमाने दर चौरस सेंटिमीटरला १ कुलोम विद्युतभार गेला की ०.३२९ मिलिग्रॅम तांबं बसतं. घनता ८.९६ धरली तर जाडी येते ०.३७ मायक्रॉन. निकेलसाठी हाच आकडा ०.३४ येतो. हा एक आकडा पाठ करून टाका, बाकी सगळं त्यावरून निघतं.

आपण ठोका घेऊ १०० मिलिअँपिअरचा, पट्टीचं उघडं क्षेत्र बरोबर १ चौरस सेंटिमीटर. चालू ३ मिलिसेकंद, बंद १२ मिलिसेकंद. ड्यूटी सायकल म्हणजे चालू वेळ भागिले पूर्ण चक्र, इथे २० टक्के. सरासरी करंट २० मिलिअँपिअर, म्हणजे मर्यादेच्या आत. एका ठोक्यातला विद्युतभार ०.१ गुणिले ०.००३, म्हणजे ०.३ मिलिकुलोम. त्यातून बसलेली जाडी ०.११ नॅनोमीटर. तांब्याच्या सर्वांत दाट अणुथरांमधलं अंतर ०.२१ नॅनोमीटर असतं. म्हणजे आपण दर ठोक्याला सरासरी अर्धा अणुथर ठेवतो आहोत. वर्गात हे फळ्यावर मांडलं की मागच्या बाकावरचाही मान वर करतो.

३ आणि १२ हेच आकडे का? पट्टी आणि द्राव यांच्या सीमेवर एक विद्युत दुहेरी थर असतो आणि तो कपॅसिटरसारखा वागतो. ठोका सुरू झाला की आधी तो भरतो, मगच तांबं बसायला लागतं. ठोका थांबला तरी तो रिकामा होईपर्यंत तांबं थोडं थोडं बसतच राहतं. इब्ल आणि प्विप यांनी १९८० च्या सुमारास यासाठी एक सोपा अंदाज दिला. करंटची घनता अँपिअर प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये घ्या. १७ ला त्या आकड्याने भागलं की भरण्याचा काळ मिळतो, १२० ला भागलं की रिकामं होण्याचा, दोन्ही मायक्रोसेकंदांत. आपल्या ०.१ साठी हे काळ १७० मायक्रोसेकंद आणि १२०० मायक्रोसेकंद येतात. ३ मिलिसेकंदांचा ठोका आणि १२ मिलिसेकंदांचा थांबा दोन्ही त्याच्या बरेच वर आहेत, म्हणून ठोका ठोक्यासारखा राहतो. कुणी १०० मिलिअँपिअरलाच १०० मायक्रोसेकंदांच्या चक्राचे ठोके देऊन ‘दहा किलोहर्ट्झला केलं’ असं सांगत असेल, तर त्याच्या पट्टीवर जवळजवळ सलग करंटच गेलेला असतो. अशा आलेखांचे प्रबंध मी पाहिले आहेत.

चक्र १५ मिलिसेकंदांचं घेतलं, म्हणजे वारंवारता ६७ हर्ट्झच्या जवळ. ५० किंवा १०० मुद्दाम टाळलं. तिथे ऑसिलोस्कोपवर आपली पल्स कोणती आणि भिंतीतल्या लाइनची घरघर कोणती, ते कळत नाही.

पल्स देणारी जोडणी

पॉवर सप्लायच्या धन टोकापासून १०० ओहमचा, ५ वॅटचा रेझिस्टर. तिथून तांब्याचा अॅनोड, म्हणजे धन पट्टी, मग द्राव, मग आपली पट्टी. पट्टीपासून एन-चॅनल मॉसफेटचा ड्रेन (मॉसफेटची तीन टोकं : ड्रेन, सोर्स आणि गेट). सोर्सपासून १ ओहमचा शंट, म्हणजे करंट मोजण्यासाठीचा छोटा रेझिस्टर, आणि तिथून सप्लायचं ऋण टोक. अर्ड्युइनोचा ग्राउंड याच ऋण टोकाला जोडायचा. गेटला २२० ओहम, आणि गेट ते ग्राउंड १० किलोओहम, म्हणजे अर्ड्युइनो रीसेट होत असताना मॉसफेट आपोआप उघडणार नाही.

सप्लाय स्थिर-करंट मोडवर ठेवण्याचा मोह होतो, तो आवरा. बंद काळात सप्लायच्या आउटपुटवरचा कपॅसिटर भरून बसतो आणि मॉसफेट उघडताच एकदम रिकामा होतो, मग ठोक्याच्या तोंडाशी मोठं शिंग उगवतं. त्याऐवजी सप्लाय स्थिर व्होल्टेजवर ठेवायचा आणि करंट १०० ओहमला ठरवू द्यायचा. द्रावाचा विरोध त्यापुढे किरकोळ असतो. शंटवर स्कोप लावा, १०० मिलिव्होल्टचा चौकोन दिसेपर्यंत सप्लायचा व्होल्टेज खालीवर करा. बहुधा अकराच्या आसपास येईल. वायर एकमेकींना पीळ देऊन, वीतभर लांबीच्या ठेवा, नाहीतर चौकोनाच्या कोपऱ्यावर झणझण दिसते.

मॉसफेट लॉजिक-लेव्हलचा, म्हणजे अर्ड्युइनोच्या व्होल्टेजला पूर्ण उघडणारा घ्या, उदाहरणार्थ आयआरएलझेड४४एन. नागपूरच्या बर्डी बाजारात एकदा हाच मागितला तर दुकानदाराने आयआरएफझेड४४एन काढून दिला. म्हणाला, ‘‘घेऊन जा ना सर, सेम टू सेम आहे.’’ एका अक्षराचा फरक. दुसऱ्याचा गेट २ ते ४ व्होल्टला जेमतेम उघडायला लागतो. आमचा बोर्ड तेव्हा ३.३ व्होल्टचा होता. स्कोपवर ठोका बुटका, वर दर मिनिटाला आणखी घसरणारा. दोन दिवस आम्ही द्रावात खोट शोधत बसलो होतो.

प्रोग्रॅम दहा ओळींचा आहे, पण त्यात दोन खड्डे आहेत. अर्ड्युइनोची मायक्रोसेकंद डिलेची आज्ञा १६३८३ पर्यंतच भरवशाची आहे. आपले १२००० त्यात बसतात, त्याहून लांब थांब्यासाठी मिलिसेकंदांची आज्ञा वापरा. दुसरा खड्डा मोजणीचा. १० मायक्रॉन जाडीसाठी सुमारे ९०,७०० ठोके लागतात आणि अर्ड्युइनो उनोमधला साधा पूर्णांक ३२,७६७ च्या पुढे जात नाही, उलटून ऋण होतो. मोजणी कधीच संपत नाही. मी प्रोग्रॅम लावून गेटाबाहेरच्या टपरीवर चहा प्यायला गेलो, गप्पांत तासभर मोडला, आलो तर पट्टीच्या कडांना तांब्याची झाडं फुटली होती. मोजणीसाठी ३२ बिटांचा, म्हणजे लाँग प्रकारचा चल घ्या.

द्राव आणि पट्टी

२०० मिलिलिटर द्रावासाठी २५ ग्रॅम कॉपर सल्फेट, पाच रेणू पाण्याचं स्फटिक असलेलं, आणि ५.५ मिलिलिटर तीव्र सल्फ्युरिक आम्ल. दोन्ही अर्धा मोलरच्या जवळ येतात. आधी दीडशे मिलिलिटर पाणी, त्यात थेंबथेंब आम्ल, गार होऊ द्या, मग स्फटिक, मग पाणी घालून २०० ला आणा. पाण्यात आम्ल घालायचं, आम्लात पाणी कधीच नाही. गॉगल आणि हातमोजे घातल्याशिवाय झाकणाला हात लावू नका.

पाणी डिस्टिल्ड. आरओचं पाणी चालेल का, हे दरवर्षी कुणीतरी विचारतंच. नाही चालत. आरओ क्षार कमी करतं, संपवत नाही, आणि आपल्याकडचं बोअरचं पाणी मुळातच जड. सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकून पाहा, दुधाळ झालं तर क्लोराइड आहे.

अॅनोडला तांब्याची पट्टी घ्या, इतवारीत वजनावर मिळते. तिचं क्षेत्र आपल्या पट्टीच्या दुप्पट तरी असावं. तिच्यावरून काळसर गाळ झडतो, म्हणून फिल्टर कापडाची पिशवी घाला.

फिल्म ज्यावर बसवायची ती पट्टी पहिल्या खेपेला पितळेची घ्या. साधं लोखंड नको, बुडवताक्षणी त्याच्यावर तांबं आपोआप, विजेशिवाय, सैलसर बसतं आणि सगळा प्रयोग वाया जातो. पितळ बारीक पॉलिश पेपरने एकाच दिशेने घासा, भांडी घासायच्या साबणाने धुवा, अॅसिटोनमध्ये अल्ट्रासॉनिकला पाच मिनिटं ठेवा, मग १० टक्के सल्फ्युरिक आम्लात दहा-पंधरा सेकंद, आणि भरपूर डिस्टिल्ड पाणी. धुतलेल्या पट्टीवर पाण्याचा अखंड पडदा टिकला पाहिजे. पाणी कुठे फाटून थेंब झाला, तर तिथे तेल आहे. पुन्हा साबणापासून सुरुवात. ही परीक्षा कंटाळवाणी आहे आणि बहुतेक सोललेल्या फिल्मचं कारण ती टाळणं हेच असतं.

एक चौरस सेंटिमीटर उघडा ठेवून बाकी सगळं, पाठीमागची बाजूसुद्धा, नेलपॉलिशचे दोन हात देऊन झाका. पूर्ण सुकवा. मग ग्रॅमच्या पुढे चार दशांश स्थळं दाखवणाऱ्या तराजूवर वजन करून लिहून ठेवा.

काचेवर फिल्म हवी असेल तर एफटीओची, म्हणजे एका बाजूला विद्युतवाहक ऑक्साइडचा थर असलेली काच. वाहक बाजू कोणती ते डोळ्यांना दिसत नाही, मल्टिमीटर लावा. आणि लक्षात ठेवा की त्या थराचाही विरोध असतो. चिमटा वर लावला की तळाशी करंट कमी पोचतो आणि फिल्म वरून जाड, खालून पातळ होते.

प्रत्यक्ष चालवताना

पट्टी आणि अॅनोड समोरासमोर, तीन सेंटिमीटरवर, उभे आणि समांतर. सप्लाय आधी, अर्ड्युइनो नंतर चालू. पहिला मिनिट नजर पट्टीवर नको, स्कोपवर ठेवा. चौकोनाचा माथा सपाट आहे का? बंद काळात रेष शून्यावर बसते का? बसत नसेल तर तिथेच थांबा.

या ‘शून्या’वरच मी एकदा आख्खा आठवडा घालवला. पोटेन्शिओस्टॅट, म्हणजे पट्टीचा व्होल्टेज हवा तिथे धरून ठेवणारं यंत्र, पहिल्यांदा हाती आला होता. ठोक्याला उणे ०.४ व्होल्ट, थांब्याला ० व्होल्ट, सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड इलेक्ट्रोडच्या तुलनेत, अशी पल्स लावली. शून्य म्हणजे बंद, असं गृहीत. फिल्म मात्र सलग करंटसारखीच, खडबडीत. अर्धा मोलर तांब्याच्या द्रावात तांब्याचा समतोल त्या इलेक्ट्रोडच्या तुलनेत अंदाजे अधिक ०.१३ व्होल्टला असतो. म्हणजे शून्यावर पट्टी समतोलाच्या १३० मिलिव्होल्ट खाली होती, आणि तांबं निवांतपणे बसत होतं. थांब्यात सेलचं सर्किट तुटलेलं पाहिजे, करंट शून्य पाहिजे. व्होल्टेज शून्य असून भागत नाही. मॉसफेटच्या जोडणीत हे आपोआप होतं, महागड्या यंत्रात ते तुम्हाला मागावं लागतं.

१० मायक्रॉनला २२ मिनिटं ४० सेकंद लागतात. झालं की पट्टी लगेच बाहेर, पाणी, मग अल्कोहोल, मग हेअर ड्रायरची गार हवा. जुलैत ती पाणी लावून तशीच टेबलावर ठेवली तर दुसऱ्या दिवशी डाग पडलेले असतात.

वजन करा. हिशेबाने ८.९६ मिलिग्रॅम वाढलं पाहिजे. तांब्याची कार्यक्षमता शंभर टक्क्यांच्या जवळ असते, त्यामुळे हा आकडा तुमच्या सर्किटचीच परीक्षा आहे. जास्त भरलं तर नेलपॉलिशखाली द्राव शिरला. कमी भरलं तर एकतर भुकटी धुताना गेली, नाहीतर ठोका स्कोपवर दिसतो तेवढा लांब नाही. पहिल्याच खेपेला १ मायक्रॉनची फिल्म करू नका, तिचं वजन ०.९ मिलिग्रॅम, चार दशांशांच्या तराजूवर त्यात दहा टक्क्यांची चूक सहज.

आणि जोडीला सलग करंटची एक फिल्म हवीच. तोच २० मिलिअँपिअर, तोच एकूण विद्युतभार, तोच द्राव, तोच दिवस. १०० ओहमच्या जागी ५६० ओहम लावला आणि मॉसफेट कायम चालू ठेवला की झालं. ही जोडी नसेल तर ‘पल्समुळे कण बारीक झाले’ हे वाक्य लिहायचा अधिकार नाही. दोन्हींचा एक्सआरडी, म्हणजे क्ष-किरण विवर्तनाचा आलेख काढा. तांब्याची शिखरं ४३.३, ५०.४ आणि ७४.१ अंशांवर येतात. त्यांच्या रुंदीवरून शेररच्या सूत्राने कणांचा आकार काढताना यंत्राची स्वतःची रुंदी वजा करा, आणि आकार १०० नॅनोमीटरच्या पुढे निघाला तर त्या आकड्यावर विसंबू नका.

तांबं यात एक खोडी करतं. थांबा फार लांबवला तर त्या मोकळ्या वेळात बारीक कण एकमेकांत मिसळून मोठे होऊ शकतात. म्हणजे थांबा जितका लांब तितकं चांगलं, असं नाही. १२ च्या जागी ८, २५, ५० मिलिसेकंद घेऊन चार पट्ट्या करून बघा, फक्त ड्यूटी बदलली की सरासरी करंटही बदलतो हे वहीत शेजारी लिहा.

मे महिन्याचं काय करायचं

परदेशी लेखात ‘रूम टेंपरेचर’ असं लिहिलेलं असतं तेव्हा ते २५ अंश असतं. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ आणि प्रयोगशाळेत पंखा सुरू असताना ४०-४२. आयनांचा डिफ्यूजन गुणांक दर अंशाला ढोबळमानाने २ टक्के वाढतो. १५-१७ अंशांचा फरक म्हणजे ३५ ते ४० टक्के. जानेवारीतली आणि मेमधली फिल्म सारखी येणारच नाही. चंचुपात्र पाण्याच्या मोठ्या भांड्यात ठेवा, त्यात बर्फाचे तुकडे घालत तापमान २५ किंवा ३० ला धरा. कोणतंही धरा, पण एकच धरा आणि थर्मामीटर काढू नका.

दुसरा गुन्हेगार डेझर्ट कूलर. त्याची थरथर टेबलातून द्रावात येते आणि न ढवळलेला द्राव ढवळला जातो. आमच्याकडे खिडकीजवळच्या टेबलावरच्या फिल्म नेहमी ‘चांगल्या’ यायच्या, त्याचं कारण तेवढंच होतं. फिल्म चालू असताना कूलर बंद करा, किंवा सरळ मॅग्नेटिक स्टरर लावून ठरलेल्या वेगाने ढवळा. दोन्हीतलं एक.

तांबं जमलं की मँगनीज

विदर्भाच्या विद्यार्थ्याने मँगनीज डायऑक्साइडची फिल्म करून पाहावीच. मॉइल या मँगनीज काढणाऱ्या सरकारी कंपनीची भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्गची खाण आणि तिथला विद्युत-विघटनाने मँगनीज डायऑक्साइड काढणारा कारखाना आपल्या घराशेजारचाच. तिथे टनावारी होतं ते इथे मिलिग्रॅममध्ये करायचं, आणि उपयोग सुपरकपॅसिटरसाठी.

इथे दिशा उलटी. मँगनीजचे आयन पट्टीवर इलेक्ट्रॉन सोडतात आणि पाण्याशी मिळून ऑक्साइड बनतात, म्हणून पट्टी धन टोकाला. समोर ग्राफाइटची कांडी, जुन्या साध्या सेलमधली स्वच्छ धुऊन चालते. पट्टी ३०४ स्टेनलेस स्टीलची, द्राव ०.१ मोलर मँगनीज सल्फेट आणि ०.१ मोलर सोडियम सल्फेट. मँगनीज क्लोराइड स्वस्त मिळालं तरी नको, धन टोकाला क्लोराइड स्टीलला खड्डे पाडतं.

करंट इथे कमी, दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिअँपिअर. आता मघाचा नियम लावा. १७ भागिले ०.००५ म्हणजे ३४०० मायक्रोसेकंद, १२० भागिले ०.००५ म्हणजे २४ मिलिसेकंद. नियम धातूंसाठीचा आहे, पण एवढं नक्की कळतं की तांब्याची ३-१२ ची पल्स इथे निरुपयोगी. मी २०० मिलिसेकंद चालू, ८०० बंद वापरतो. रेझिस्टर १.८ किलोओहम आणि शंट १ च्या जागी १०० ओहम, म्हणजे स्कोपवर अर्धा व्होल्ट दिसतो.

थांब्याचं काम इथे आणखी एक आहे. ऑक्साइड बनताना प्रत्येक मँगनीजमागे चार हायड्रोजन आयन सुटतात आणि पट्टीजवळचा द्राव आम्लधर्मी होत जातो. बंद काळात ते पांगतात. १ कुलोमला, सगळा करंट याच क्रियेत गेला असं धरून, ०.४५ मिलिग्रॅम ऑक्साइड बसतं. सरासरी १ मिलिअँपिअरला त्याला १००० सेकंद लागतात. हे वजन साध्या तराजूला झेपत नाही, म्हणून क्षेत्र ४ चौरस सेंटिमीटर घ्या आणि रेझिस्टर त्या प्रमाणात कमी करा.

तपकिरी फिल्म धुऊन ६० अंशांना सुकवा. १ मोलर सोडियम सल्फेटमध्ये तिचा व्होल्टेज ० ते ०.८ असा पुढे-मागे फिरवला तर करंटचा आलेख आयताच्या जवळ जायला हवा. दर ग्रॅमला किती फॅरड हे लिहिताना हात आखडता घ्या. दशांश मिलिग्रॅमची फिल्म आणि तिच्या वजनात तेवढीच चूक असली, की कोणताही आकडा काढता येतो. एक इलेक्ट्रॉन धरून सैद्धांतिक कमाल सुमारे १३७० आहे. त्याच्या वर गेलात तर तराजू बघा.

लेसर आणि निर्वात यंत्रं

पल्स लेसर डिपॉझिशनमध्ये, पीएलडीत, लेसरच्या ठोक्याने टार्गेटमधला, म्हणजे हव्या त्या पदार्थाच्या टिकलीतला थोडा भाग उडवतात आणि तो समोरच्या सबस्ट्रेटवर, म्हणजे फिल्म बसवायच्या तुकड्यावर बसतो. हे १९६५ मध्ये स्मिथ आणि टर्नर यांनी रुबी लेसरने करून पाहिलं. मग बावीस वर्षं ते कोपऱ्यातच राहिलं. १९८७ मध्ये अमेरिकेत बेलकोर या संशोधन कंपनीत टी. वेंकटेशन यांच्या गटाने याच पद्धतीने उच्च तापमानाच्या अतिवाहकाची फिल्म बनवली आणि सगळ्यांच्या नजरा वळल्या. गुंतागुंतीच्या ऑक्साइडचं मूळ प्रमाण फिल्ममध्ये बरंचसं तसंच उतरतं, हा तिचा मोठा गुण.

हे यंत्र तुम्हाला बहुधा पाहुणे म्हणून वापरायला मिळेल. नागपूरहून सोयीचं म्हणजे इंदूरचं यूजीसी-डीएई कन्सॉर्शियम, ते विद्यापीठांतल्या संशोधकांसाठीच आहे. मिळालेले दोन-तीन दिवस वाया जाऊ नयेत म्हणून टार्गेट घरूनच नीट करून न्या. भुकटी भाजून, पुन्हा कुटून, दाबून टिकली, मग सिंटरिंग. आर्किमिडीजच्या पद्धतीने घनता काढा, सैद्धांतिक घनतेच्या ९० टक्क्यांखाली असेल तर नेऊ नका. सैल टार्गेटमधून थेंब आणि तुकडे उडतात आणि फिल्मवर बसतात.

तिथे गेल्यावर पहिलं काम फ्लुएन्सचं, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला किती ऊर्जा पडते त्याचं. लेसरवरचा आकडा लिहून घेऊ नका, खिडकीतून आत गेल्यावर टार्गेटच्या जागी किती उरते ते मोजायला सांगा. खिडकीच्या आतल्या बाजूला थर बसत जातो आणि ऊर्जा घटत जाते. ठशाचं माप टार्गेटच्या जागी थर्मल पेपर ठेवून, एक ठोका देऊन घ्या. समजा ६० मिलिज्यूल पोचले आणि ठसा १ बाय ३ मिलिमीटरचा आहे, तर २ ज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर. ऑक्साइडसाठी १ ते ३ ही नेहमीची मर्यादा. २४८ नॅनोमीटरचा क्रिप्टॉन फ्लुओराइड लेसर, वीसेक नॅनोसेकंदांची पल्स, सेकंदाला १ ते १० ठोके, टार्गेटपासून चार-सहा सेंटिमीटरवर तापलेला सबस्ट्रेट आणि आजूबाजूला थोडा ऑक्सिजन, असा साधारण थाट असतो. त्या तरंगलांबीसाठीचाच गॉगल, दुसरा कोणताही नाही.

दर ठोक्याला ०.०१ ते ०.१ नॅनोमीटर बसतं. इथे ठोका नॅनोसेकंदांचा आणि थांबा दशांश सेकंदांचा. त्या थांब्यात अणू सरकून आपापली जागा शोधतात. पहिल्या दिवशी एक जाड फिल्म करून तिची जाडी मोजा, ठोक्यांनी भागा, मग खरी फिल्म करा. शेवटी हीटर एकदम बंद करू नका, ऑक्सिजन वाढवून सावकाश गार करा, नाहीतर ऑक्साइडमधला ऑक्सिजन निघून जातो.

१९७४ मध्ये फिनलंडमध्ये तुओमो सुंटोला यांनी पुढे आणलेल्या अणुथर पद्धतीत, एएलडीत, वायूंचे ठोके असतात. एक वायू, मग झाडलोट, म्हणजे उरलेला वायू बाहेर काढणं, मग दुसरा वायू, मग झाडलोट. अॅल्युमिनासाठी एका चक्राला पुन्हा तेच, सुमारे ०.१ नॅनोमीटर. तिथे झाडलोट कमी पडली तर दोन्ही वायू हवेतच भेटतात आणि धूळ पडते. स्पटरिंगमध्ये टार्गेटवर आयन आदळवून त्याचे अणू उडवतात. पल्स स्पटरिंगचे दोन प्रकार ऐकायला मिळतील. दहा-शेकडो किलोहर्ट्झचं पल्स डीसी टार्गेटवर जमलेला भार काढून ठिणग्या रोखतं. हायपिम्समध्ये थोड्याशा ड्यूटीवर प्रचंड शक्तीचा ठोका देऊन धातूच्या अणूंचे आयन बनवतात. ही यंत्रं चालवणारा माणूस तिथे असतो, त्याचं ऐका.

आवराआवर

तांब्याचा द्राव बाटलीत भरून, तारीख घालून ठेवा, महिनोन्‌महिने चालतो. बाहेर जातं ते धुण्याचं निळसर पाणी. ते बेसिनमध्ये ओतू नका, आपल्या शहरात बेसिन शेवटी नाग नदीला मिळतं आणि तांबं माशांना थोडंही सोसत नाही. एका बादलीत साठवा, धुण्याचा सोडा चिमटीचिमटीने घाला, फसफसतं, म्हणून बादली अर्धीच भरलेली असू द्या. पीएच ८ ते ९ झाला की हिरवट-निळा गाळ खाली बसतो. रात्रभर ठेवा. वरचं पाणी रंगहीन झालं असेल तर काढा, गाळ गाळून वाळवा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ‘तांब्याचा कचरा’ अशी चिठ्ठी लावून कॉलेजच्या धोकादायक कचऱ्यात द्या. मँगनीजचं पाणी वेगळ्या बादलीत.